ऑर्किडचा रंग

नवं राज्य झालं तेव्हा माणसांचीही वाटणी झाली. फायली वाटल्या, कपाटं वाटली, आणि त्यांच्यामागोमाग कारकूनही वाटले गेले. भोपाळच्या मंत्रालयातले रामकृष्ण देवघरे छत्तीसगडच्या वाट्याला आले. त्यांच्या पत्नी इंदूताई भोपाळच्याच सरकारी शाळेत शिकवत, त्या मध्य प्रदेशातच राहिल्या. पंचवीस वर्षांचा संसार, मुलगी लग्न होऊन पुण्याला गेलेली, आणि आता नवरा-बायकोच्या मध्ये राज्याची सीमा. इंदूताईंनी बदलीचा अर्ज टाकला असता तर गोष्ट वेगळी होती. पण त्या ‘पाहू’ म्हणत. त्यांच्या ‘पाहू’चा अर्थ रामकृष्णांना चांगला ठाऊक होता.

निघताना स्टेशनवर इंदूताईंनी नवऱ्याच्या हातात एक कुंडी दिली. शाळेतल्या प्रेमलाताईंनी दिलेलं ऑर्किड. तीन वर्षं तुळशीशेजारी ठेवलं, पण कळीचा पत्ता नव्हता.

‘‘घेऊन जा. तिथं फुललं तर सांगा,’’ त्या हसत म्हणाल्या, ‘‘मी येईन.’’

बाईमाणूस थट्टेत बोललं. पण रामकृष्ण पडले जन्माचे कारकून, वरून आलेला शब्द त्यांना आदेशच वाटायचा. गाडी सुटली तेव्हा कुंडी त्यांच्या मांडीवर होती.

रायपुरात त्यांनी ब्राह्मणपारा मोहल्ल्यात वरच्या मजल्यावर एक खोली घेतली. जुन्या दवाखान्याच्या इमारतीत मंत्रालय भरत होतं. दिवसभर तिथं फायली उपसायच्या आणि संध्याकाळी खोलीवर येऊन झाडाकडे बघत बसायचं, एवढंच काम. रोज सकाळी आंघोळ झाली की ओल्या अंगानं ते ऑर्किडला तांब्याभर पाणी घालत. इंदूताई तुळशीला घालत तसंच. हात आपोआप जोडले जायचे, मग ते इकडेतिकडे बघून सोडवत.

घरमालकीण शारदाकाकूंनी हे एकदा पाहिलंच. ‘‘भैया, कायचं झाड आहे हे? मले तर बांडगूळ वाटून राहिलं.’’

‘‘ऑर्किड आहे काकू. लई सुंदर फूल येते.’’

‘‘कधी?’’

‘‘येईन आता.’’

‘‘हव,’’ काकू म्हणाल्या. समोरच्यावर काडीचा विश्वास नसला की त्या असंच ‘हव’ म्हणत.

उन्हाळा आला. रविवारी दुपारी कूलर घरघरायचा, त्याच्या ओल्या वाऱ्यात पडद्याचा कोपरा हलायचा आणि रामकृष्णांचा डोळा लागायचा. मग ते झाड वाढायला लागे. खिडकीतून छताला, छतावरून भिंतींना, सगळीकडे फुलं, आणि त्यांच्या मधोमध इंदूताई स्टोव्हवर चहा टाकत असायच्या. ‘आलं कुठं ठेवलं?’ असं त्या विचारायच्या, आणि आलं शोधताशोधता जाग यायची. झाड जिथल्या तिथं असायचं, हिरवंगार, ढिम्म. चहाची पावडर घातली, मोहरीच्या पेंडीचं पाणी घातलं, ऑफिसातल्या प्रत्येकाचा सल्ला ऐकला. कांड्यांच्या पेरांवर इवलीइवली रोपं फुटली, पण फूल नाही. पालथ्या घड्यावर पाणी.

पावसाळा गेला. राज्याला वर्ष झालं आणि शंकर नगरात एका बड्या साहेबांच्या बंगल्यावर मेजवानी झाली. रामकृष्ण तिथं पाहुण्यांच्या खुर्च्या लावायला होते. टेबलावरच्या फुलदाणीत त्यांनी ती पाहिली. लांब दांड्यावरची जांभळी ऑर्किडं, बाहेरून मागवलेली. सगळे गेल्यावर त्यांनी त्यातलं एक खिशात घातलं. उभ्या आयुष्यात सरकारी टाचणी घरी न आणलेला माणूस.

घरी येऊन त्यांनी ते फूल झाडाच्या कांडीला पांढऱ्या दोऱ्यानं बांधलं. दिवा न लावता बसून राहिले. खिडकीतून रस्त्याचा पिवळा उजेड येत होता, त्यात दोरा दिसत नव्हता. पाहतापाहता त्यांचं त्यांनाच खरं वाटायला लागलं. फुललं की आपलं झाड. आता कळवायला नको?

सकाळी ते नाक्यावरच्या पीसीओवर फोन करायला गेले.

‘‘इंदू, फुललं.’’

पलीकडून इंदूताईंचा आवाज आला. ‘‘रंग कोणता आहे?’’

‘‘जांभळा.’’

‘‘बरं,’’ इंदूताई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

चार दिवसांनी छत्तीसगड एक्स्प्रेसनं त्या दारात हजर. खोट्याच्या कपाळी गोटा, तो असा. खोलीत आल्या, पिशवी ठेवली आणि सरळ कुंडीकडे गेल्या. फूल वाळून काळं पडलं होतं, दोरा मात्र पांढराशुभ्र होता. त्यांनी गाठ सोडली, दोरा बोटाला गुंडाळला.

‘‘प्रेमलाताईनं देतानाच सांगतलं होतं,’’ त्या म्हणाल्या. ‘‘याचं फूल पांढरं असते.’’

रामकृष्णांना जमीन पोटात घेईल तर बरं असं झालं. ‘‘तुले कळलं होतं, तर मग आली काहून?’’

‘‘तुमाले खोटं बोलता येत नाही. अन् तुमी बोलले. म्हटलं, माणूस ठीक आहे का नाही ते पाहून यावं.’’

त्यांनी चहा केला. दोघं खाटेवर बसले. मग कप खाली ठेवून इंदूताई म्हणाल्या, ‘‘तीन वर्षं हे झाड आपल्या घरी होतं. रोज त्याच्याजवळून जाऊन चप्पल घालत होते तुमी. एकदा तरी विचारलं, इंदू, याले फूल कोणत्या रंगाचं येते?’’

झाडाचं सोडा, रामकृष्णांनी इंदूताईंनाही कधी काही विचारलं नव्हतं. सकाळी डबा घ्यायचा, संध्याकाळी पेपर वाचायचा. इथं एकटं पडल्यावर ती बाई त्यांना आठवू लागली, आणि आठवताना ध्यानात आलं की आठवायला फार थोडं आहे. याचं त्यांना फार वाईट वाटलं.

‘‘राहा ना दोन दिवस,’’ ते एवढंच म्हणाले.

‘‘तुळशीले पाणी कोण घालन?’’ असं म्हणत इंदूताई दुसऱ्याच दिवशी परत गेल्या. बदलीचं नाव त्यांनीही काढलं नाही, यांनीही काढलं नाही.

त्यानंतर रामकृष्णांना त्या कुंडीकडे पाहवेना. पाहिली की तो पांढरा दोरा डोळ्यांपुढे येई. शेवटी त्यांनी ती उचलून गच्चीवर नेली, पाण्याच्या टाकीच्या आडोशाला ठेवली आणि पुन्हा वर फिरकले नाहीत. थंडी पडली. पौषातल्या धुक्यानं सगळा मोहल्ला पुसून टाकला; समोरच्या देवळाचा कळस तेवढा वर तरंगत राहायचा. आंघोळ झाली की तांब्या हातात घेऊन ते सवयीनं उभे राहत, आणि मग पाणी बालदीत परत ओतत. एकदा शारदाकाकूंनी वरून येऊन सांगितलं, ‘‘पानं गळून राहिली तुमच्या झाडाची.’’ रामकृष्ण जिना उतरून ऑफिसला गेले. रविवारी फोनवर इंदूताई तब्येत विचारत, जेवण विचारत. झाडाचं विचारत नसत. मेलं असेल, हे सांगायची रामकृष्णांची छाती झाली नाही.

माघ सरत आला तेव्हा काकू वड्या वाळत घालायला गच्चीवर गेल्या आणि तिथूनच त्यांनी हाक दिली. ‘‘भैया, वर या. तुमचं बांडगूळ पाहा.’’

रामकृष्ण वर गेले. धुकं विरत होतं, ऊन अजून कोवळं होतं. टाकीच्या आडोशाला, बिनपानाच्या सुकलेल्या कांड्यांवर, पेरापेरातून फुलं उमलली होती. त्यांना वाटलं, हे अजून झोपेतलंच आहे. मग वाटलं, काकूंनी थट्टा केली. ते गुडघ्यांवर बसले आणि एकेका फुलामागं बोट फिरवून दोरा शोधू लागले. दोरा कुठंच नव्हता. जिला त्यांनी ते फूल बांधलं होतं त्या कांडीशी बोट थबकलं आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं, काकूंच्या देखत.

पीसीओवर त्यांच्या मागं माणसं उभी होती.

‘‘इंदू, फुललं.’’

पुन्हा तोच प्रश्न. ‘‘रंग कोणता आहे?’’

नुसतं ‘पांढरा’ म्हटलं असतं तर काम झालं असतं. हे त्यांना कळत होतं. त्यांनी डोळे मिटले.

‘‘पांढरं आहे. पण टोकं जांभळी आहेत. अन् आत, पोटात, एकदम काळपट लाल. मले माहीत आहे तुले खोटं वाटन. पण तसंच आहे ते.’’

‘‘पाणी किती घालत होते?’’

‘‘नाहीच घातलं. माझी मलेच लाज वाटे म्हणून वर नेऊन ठेवलं, मग पाहालेच गेलो नाही.’’

पलीकडून हसू आलं. आधी बारीक, मग मोकळं. ‘‘अन् मी तीन वर्षं रोज तांब्या ओतत होती त्याच्यावर.’’ अति तेथे माती. दोघांनीही एकाच झाडाला मायेनं बुडवलं होतं.

मागच्या माणसानं घसा खाकरला.

‘‘गच्चीवर सकाळचं ऊन कोणत्या कोपऱ्यात येते?’’ इंदूताईंनी विचारलं.

‘‘जिन्याजवळच्या. काहून?’’

‘‘तिथं जागा करून ठेवा. त्या झाडापासून दूर. तुळस घेऊन येऊन राहिली मी.’’

रामकृष्ण फोन ठेवून रस्त्यावर आले. सायकलवाले, दूधवाले, देवळातली घंटा, सगळं दुरून येत होतं. चार दिवसांसाठी येणारी बाई तुळस उचलून आणत नाही, एवढं पंचवीस वर्षांत त्यांनाही समजलं होतं.

घरी येऊन त्यांनी शारदाकाकूंकडे झाडू मागितला.

‘‘तुमी झाडणार?’’ काकूंनी विचारलं.

‘‘हव,’’ रामकृष्ण म्हणाले, आणि गच्चीचा जिना चढू लागले.