मामाजींसमोर

"काऊन व रुची, म्हातारा आज बी नाही आला?"

मालिकेचा आजचा भाग संपला होता, तरी पुष्पाबाई टीव्हीसमोरून उठल्या नव्हत्या. कुडवा गावातल्या त्या लहानशा घरात स्वयंपाक पलीकडेच व्हायचा. नात रुची तिथून म्हणाली, "बिमार आहे न तो. मालिकावाले उद्या-परवा खतमच करतीन त्याले."

"कायले? त्यानं का बिघडवलं कोनाचं?"

"तूच तं मारून राहिली त्याले, आजी!" रुची हसली. नव्या टीव्हीच्या वरच्या काठाला कॅमेऱ्याचं वाटाण्याएवढं भिंग होतं, तिकडे तिनं लाटणं रोखलं. "ते तुले पाहते. ज्याच्याकडं तू पाहशील त्याचं काम वाढते, बाकीच्याचं कटते. घरोघरची कहाणी अलग. बाजूच्या दुर्गेश्वरी काकूकडे तो म्हातारा ठणठणीत आहे. अन् तू? तो आला का तोंडावर पदर ओढते. टीव्ही समजते, आजीले हा पसंद नाही."

"सासरा आहे व तो."

"टीव्हीतला!"

"म्हनून का झालं? पाहून तं राहिला न मले!"

रुचीनं कपाळावर हात मारला.

मालिकेतला तो सासरा अंगणात शिरण्याआधी खाकरायचा. नवेगाव बांधच्या सासरी त्यांचे सासरे, सुकराम मामाजीही असेच खाकरत यायचे आणि सुना आडोशाला व्हायच्या. मामाजींचा आवाज पुष्पाबाईंना ठाऊक होता, चिखलानं भेगाळलेल्या टाचा ठाऊक होत्या. चेहरा कधी पाहिला नव्हता. नवरा गेला तेव्हा दीर त्यांना माहेरी धाडायला निघाले होते. मामाजी दाराबाहेरूनच म्हणाले होते, "सून कोठी जाणार नाही. घर तिचं आहे." त्या दिवशीही त्या पदराआडूनच पाया पडल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मालिका लागली. खाकरण्याचा आवाज आला, पण क्षीण. पुष्पाबाईंचा हात पदराकडे गेला. दुसऱ्या हातानं त्यांनी तो मांडीवर दाबून धरला आणि मान वर केली.

खाटेवर म्हातारा उशीला टेकून बसला होता. पांढऱ्या भुवया, किंचित कललेलं नाक. दमलेला होता, रागीट मुळीच नव्हता. एवढी वर्षं आपण ज्याचा धाक बाळगला, तो चेहरा असाही असू शकला असता, हे त्यांच्या कधी मनातच आलं नव्हतं.

मालिकेतली सून औषध ठेवून गेली. मुलगा दारात येऊन काही बोलला. पण चित्र म्हाताऱ्यावरून हटेना. उलट त्याचा चेहरा हळूहळू जवळ येत गेला.

"आजी, भात वाढला!"

पुष्पाबाई हलल्या नाहीत. आपण उठलो तर तो जाईल, हे आता त्यांना कळलं होतं.

रुची दारापर्यंत आली, थांबली. मग ताट आणून तिनं हळूच त्यांच्या मांडीशी ठेवलं आणि दिवा न लावताच परत गेली.

त्यांनी ताटाकडे न बघताच भात चाचपला.