उजव्या हाताला मांडलेलं इंजिन

भिंत.
पाने, कानशी, छिन्न्या खिळ्यांना टांगलेल्या. कालपर्यंत भिंत मोकळी होती.

जमीन.
ताजी सारवलेली. कालपर्यंत इथे शांतीलाल पटेलचं पाण्याचं इंजिन उघडून पडलं होतं. भटू मिस्तरी एकेक भाग काढायचा आणि आपल्या उजव्या हाताला, गुडघ्याभोवती गोल मांडत जायचा. खांडेनवमीला हत्यारं पुजायची म्हणून त्याच्या बायकोने, वत्सलाबाईने, सगळं उचललं, घासलेटने धुतलं आणि डब्यांत भरलं. बोल्टांत बोल्ट, वायसरांत वायसर.
रनाळ्यात एवढा लख्ख कारखाना कुणी पाहिला नव्हता.

भटू.
येऊन बसला. हात उजवीकडे गेला. ओली जमीन. आणखी पुढे. ओली जमीन.
"कोनी उचलं?"
"मी. सनना दिन शे. केवढा उकिरडा व्हता!"
"उकिरडा नव्हता तो."
"मंग डब्बा समोरच तर शे. दखा."
"माले दखास नही."
ती हसली. मग त्याच्या डोळ्यांसमोर हात हलवून पाहिला.
मग नाही हसली.
"कोनले सांगू नको," तो म्हणाला. "आंधळा मिस्तरीकडे कोन इंजिन आनी?"

अंगण.
शांतीलालची गाडी. "मिस्तरी, केळी माना टाकी ऱ्हायनी!"
वत्सलाबाईने भिंतीवरच्या हत्यारांना घाईघाईने कुंकू लावलं आणि दारात आडवी उभी राहिली. "आज हत्यारले हात लावतस का, भाऊ?"
"नहीच लावतस. म्हनीसन तर आज वनू, वहिनी. सकायले पहिला नंबर मन्हा. तथलग आठेच बसस." त्याने बैल सोडले आणि अंगणातच बैठक मारली. "नंदुरबारना मिस्तरीकडे गयं इंजिन म्हंजे रुसेल बायको माहेरले गयी. कव्हय येई, नेम नही!"

दार.
तिने लावून घेतलं. सकाळी शांतीलालसमोर चाचपडून चालणार नव्हतं; इंजिन आजच जुळवायला हवं होतं. पूजेतला पाना या दिवशी कुणी उचलत नाही. तिने उचलला, नवऱ्याच्या हातात दिला. त्याची बोटं लाल झाली. आवाज करायचा नव्हता. ती बोल्ट देत गेली, तो अंगठ्याखाली फिरवत गेला.
"हाऊ वरना. हाऊ... हाऊ कोठे व्हता?"
"माले काय माहीत?"
"तूच उचला ना!"
"हळू बोला."
दोन बोल्ट तिलाही सारखेच दिसत होते. तिने डबा पालथा केला. स्प्रिंग निसटली, ठणठणत गेली.
बाहेरून: "वहिनी, काय पडनं?"
"देवनी घंटी!"

पुन्हा दार.
शांतीलालने ढकललं. ऊन आत आलं. कुंकवाचा पाना, लाल बोटं, आणि भटूच्या गुडघ्यासमोर, उन्हात चमकणारी स्प्रिंग.
भटूचा हात पलीकडे चाचपत होता.
वत्सलाबाईला ती उचलता आली असती. शांतीलाल तिच्याकडे बघत होता. तिचा हात उठला नाही.
शांतीलाल मागे फिरला.
अंगणात बैलांच्या घुंगरांचा आवाज. मानेवर जू चढलं.
"सापडनी का?" भटूने विचारलं.