सात किलो

माणसाला जगायला सात किलो पुरतात. त्यावरचं सगळं भीतीचं वजन. हे वचन मेरननं चौदा महिन्यांपूर्वी बॅलरॅटच्या आपल्या घरी, स्वयंपाकघरात उभं राहून काढलं होतं, नवऱ्याला ते इतकं पटलं होतं की त्यानं नोकरी सोडली होती, आणि आता दक्षिण समुद्रातल्या वावाऊ बेटावरच्या भाड्याच्या खोलीत, रविवारी सकाळी, तिच्या मुठीतल्या हुकाच्या काट्यावर ते वचन आठ किलो चारशे ग्रॅम भरत होतं. त्यातले सव्वा किलो म्हणजे धाकट्या नेडनं वेचलेले दगड.

काटा तळहाताएवढा. हुकाला पिशवी लटकवायची, हात ताणून धरायचा, आकडा थरथरत एका जागी येईपर्यंत श्वास रोखायचा… स्वस्तातल्या विमानांना हातातल्या सामानात आठवा किलो चालत नाही म्हणून घेतलेला. पण पुढचा महिनाभर कुठलंच विमान नव्हतं, तरी ती तोलत होती. एकटं वाटलं की ती तोलायची. कुणी पोथी वाचतं, कुणी कपाट आवरतं. आवरायला कपाटच नसलं की माणूस तोलायला लागतो. घरी असताना दाराच्या चौकटीवर पेन्सिलीनं मुलांची उंची मांडायचो आम्ही, आता वजन मांडतो — आणि नुसतं सामानाचंच नाही, इथं येताना त्या बारक्या विमानात बसवण्याआधी चौघांनाही पिशव्यांसकट काट्यावर उभं केलं होतं, आणि आठ वर्षांच्या विनीनं तिथल्या माणसाला गंभीरपणे विचारलं होतं, ‘जास्त भरलो तर कुणाला ठेवणार?’ सगळे हसले होते. तिचा नवरा डूगल तर डोळे पुसेपर्यंत.

हा असा हसणारा डूगल तिच्या ओळखीचा नव्हता. बॅलरॅटला तो शाळेत गणित शिकवायचा आणि संध्याकाळी पित्ताच्या गोळ्या घ्यायचा. ‘चल, निघू या, मुलं लहान आहेत तोवर, जग बघू’ म्हणत तिनं त्याला अक्षरशः दंडाला धरून घराबाहेर काढला होता. पहिल्या महिन्यात व्हिएतनाममध्ये तो रोज रात्री छताकडे बघत पेन्शनचा विचार करायचा. आणि आता? आता तो पुरुषांच्या घोळक्यात मांडी घालून कावा नावाच्या इथल्या कडू मुळीच्या पेयाची वाटी रिकामी करतो, जाळं टाकतो, कुणाचाही बिघडलेला पंप दुरुस्त करून बदल्यात रताळी आणतो. परवा शुक्रवारी असाच एका होडीतून पलीकडच्या बेटावर पंप बघायला गेला, उद्या येईल. त्याला पित्त आठवतसुद्धा नाही. ते बहुधा मेरनकडे आलं होतं.

गेल्या पाच-सहा महिन्यांत कधीतरी तिला घरी जावंसं वाटायला लागलं होतं. कधी, ते नेमकं सांगता आलं नसतं. दात दुखायला लागतो तसं. आधी गार पाण्यानं, मग गरम पाण्यानं, मग नुसतंच. पण हे सांगायचं कुणाला? डूगलला? त्याला तर तिनंच बाटवलेला. का त्या अकराशे अनोळखी माणसांना, जी तिचं इंटरनेटवरचं प्रवासाचं पान वाचतात आणि खाली लिहितात की तुमच्यामुळे आम्हीही घर भाड्यानं दिलं, पुढच्या महिन्यात निघतोय? प्रेषिताला मधूनच परत फिरता येत नाही, अनुयायी मागून येत असतात… अरुंद वाटेवर मोठीच पंचाईत.

जगात तिला न चुकता पत्र लिहिणारं एकच माणूस उरलं होतं, आणि ती तिची भाडेकरू होती. मिसेस पार्जिटर, विधवा, नीटनेटकी. लिंबाला यंदा फार लिंबं आली. गच्चीवरून नाही, न्हाणीघराच्या कोपऱ्यातून गळत होतं, माणूस बोलावून घेतला. शेजारचा कुत्रा गेला. प्रत्येक पत्र मेरन तीनदा वाचायची — स्वतःच्याच घराची बातमी, परक्या हातची. आणि गुरुवारी आलेलं शेवटचं: ‘मी अजून एक वर्ष राहीन म्हणते. रविवार संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवा, कारण नाहीतर दुसऱ्या जागेची सोमवारी सही करायची आहे. आणि राहायचं ठरलं, तर स्वयंपाकघर रंगवून घेऊ का? तिथल्या चौकटीवर पेन्सिलीच्या रेघा फार आहेत.’

डूगलनं होडीत पाय टाकता टाकता ते वाचलं आणि म्हणाला, “तुझी कल्पना होती, तूच ठरव. तू म्हणशील तसं.” हे तो प्रेमानं म्हणाला. हीच तर अडचण होती.

“आज रविवार आहे गं, पोरी!”

खिडकीत लुसेआनेचा चेहरा. घरमालकीण, साठीची, देवळात जायच्या पोषाखात. काळा झगा, वर इथल्या रीतीप्रमाणे कमरेला गुंडाळलेली बारीक विणीची चटई, हातात पंखा. रविवारी या बेटावर कोंबडासुद्धा बेतानं आरवतो, आणि ही गोरी बाई सामान तोलत बसलेली! मेरननं काटा पाठीमागे लपवला, चोरी पकडल्यासारखा.

“तोलतेस कसली? देव बघतोय आणि मीही बघतेय. ते बांधणं-बिंधणं उद्या कर. गुरुवारपर्यंत ढीगभर वेळ आहे.”

गुरुवारी बहुधा मालाची बोट येते, मेरनच्या मनात आलं; इथं सगळ्याच गोष्टी बोटीवर असतात. ती ‘हो, हो’ म्हणाली. चौदा महिन्यांत तिला एक गोष्ट उत्तम जमायला लागली होती. न समजलेल्या वाक्याला हसून मान डोलावणं.

देवळात तिला आवडायचं. काही कळायचं नाही म्हणून आवडायचं. पेटी नाही, वाद्य नाही, नुसते गळे. पण गायला लागले की छपराचे पत्रे आणि आपल्या बरगड्या एकदम थरथरतात, आणि तेवढा वेळ मिसेस पार्जिटरला काय लिहायचं हा प्रश्न कुठेतरी खाली, बाकाखाली जाऊन बसतो. नेड तिच्या मांडीवर पेंगत होता. विनी पुढं, तिथल्या मुलींच्या रांगेत, वेणीत फूल खोचून, पाठ ताठ. ही मुलगी कुठेही दोन दिवसांत रुजते, असं मेरननं पानावर अभिमानानं लिहिलं होतं, पण तिसऱ्या दिवशी उपटतो आपणच, हे लिहिलं नव्हतं…

पाद्रीबुवांनी चष्मा काढला, आणि एकदम मेरनला कळेल अशा भाषेत बोलायला लागले. आपल्यात बॅलरॅटचं एक कुटुंब आहे. त्यांचा कर्ता पुरुष आज पंपाच्या कामाला गेला आहे, देव त्याला क्षमा करो. हे लोक येत्या गुरुवारी आपल्या घरी परत चालले आहेत. त्यांनी उभं राहावं.

मेरन मागे वळून बघायला लागली — कोण बाई हे कुटुंब? बॅलरॅटचं आणखी कुणी? सगळं देऊळ तिच्याकडे बघत होतं. लुसेआनेनं पंख्याच्या दांड्यानं तिच्या पाठीत हलकेच टोचलं. ती उभी राहिली, नेड खांद्यावर, अर्धा झोपेत. आता सांगायला हवं, काहीतरी गैरसमज झालाय, आम्ही कुठंही जात नाही, निदान घरी तर नाहीच… पण तोवर त्यांनी गायला सुरुवात केली होती.

निरोपाचं गाणं. शब्द कळायचे नाहीत, पण निरोपाला शब्द लागत नाहीत. आवाज आधी खाली उतरला आणि मग सगळ्या बाजूंनी वर चढत आला, भरतीसारखा. पुढच्या बाकावरची एक म्हातारी, जिला मेरननं आयुष्यात पाहिलं नव्हतं, मोकळेपणानं रडत होती. ही माझ्या वियोगानं रडतेय, मेरनच्या मनात आलं, आणि मी अजून हिला भेटलेलेही नाही. कुणीतरी फुलांचे हार घातले, एक तिला, एक नेडला. बॅलरॅट सोडलं तेव्हा बहीण विमानतळावर आली होती. ‘फोटो काढत जा गं भरपूर’ म्हणाली, आणि गाडी लावलेल्या जागेची मुदत संपत आली म्हणून पळत गेली. बस. त्या दिवशी निघालेली माणसं अजून कुठून नीट निघालीच नसावीत, तेव्हापासून नुसती तरंगताहेत, पिशव्या सात किलोच्या आत… आणि आज इथं, ज्या गावातून निघायचंच नाही त्या गावात, कुणीतरी त्यांना रीतसर निरोप देत होतं. मेरन रडायला लागली. सगळ्यांना ते अगदी योग्य वाटलं.

पुढच्या रांगेत विनीची पाठ ताठच होती. पण कान लाल झाले होते.

परत येताना रस्त्यावर एक डुक्करीण सहा पिल्लांना घेऊन आडवी गेली. तिला वाट द्यायला तिघं थांबले, तेव्हा मेरननं विचारलं, रागावून नाही, “गुरुवार कुणी सांगितला?”

विनी पिल्लं मोजत राहिली. मग म्हणाली, “सगळे विचारतात, घरी कधी जाणार. माहीत नाही म्हटलं की ते माझ्याकडे कसंतरीच बघतात, आणि मग तुझ्याकडे बघतात. म्हणून मी गुरुवार सांगते.”

“सांगते म्हणजे? आधीपण सांगितलायस?”

“पेनांगला सांगितला होता. सेबूला पण. पण तिथून आपण मंगळवारीच गेलो, म्हणून कुणाला कळलं नाही.” मग तिनं न्यायाधीशासारखी भर घातली, “इथं आपण फार दिवस राहिलो. तुमची चूक आहे.”

“आणि गुरुवारच का?”

“गुरुवारी कचऱ्याची गाडी येते ना,” विनी म्हणाली. म्हणजे आपल्या रस्त्यावर. सकाळी. बाबा पायजम्यात डबा ओढत पळायचे, आणि गाडीवाला थांबायचा त्यांच्यासाठी, आणि हात करायचा.

मेरनला ते आठवलं. चौदा महिन्यांत तिला लिंबाचं झाड आठवलं होतं, स्वतःची उशी, खिडकीतला उतरता उजेड, लिहिता येतील असं काय काय. कचऱ्याची गाडी एकदाही नाही. डब्याच्या चाकांचा तो खडखडाट… आणि तो माणूस, ज्याचं नाव कधी विचारलं नाही, थांबायचा मात्र. आपल्यासाठी थांबणारं जगात कुणी होतं!

“नेड, तुला आठवतं का रे आपलं घर?” तिनं विचारलं. विचारायला नको होतं.

नेडनं विचार केला. तो चार वर्षांचा आहे, विचार करताना तोंड उघडं राहतं. “पंखावालं?” म्हणाला. मग तिचा चेहरा बघून समजूत काढल्यासारखं, “की सरडावालं?”

दुपारी लुसेआनेकडे जेवण. जमिनीतल्या भट्टीतून निघालेली पानांची पुरचुंडी, आत नारळाच्या दुधात शिजलेलं मांस, रताळी, आणि तिच्या वाढण्याला ‘पुरे’ हा शब्द माहीतच नाही. मेरननं खरं सांगायचं ठरवलं होतं, घासागणिक ठरवलं होतं. पण लुसेआने बोलतच होती. बरं झालं चाललात ते, म्हणत होती. तुम्ही लोक बरे आहात, पण मला सारखी काळजी, ही माणसं कुणापासून पळताहेत? पोलीस मागे आहेत की सासू? माझी चार पोरं ऑकलंडला आहेत, दर नाताळला ‘येतो, येतो’ म्हणतात आणि बॅरलभर पीठ नि साबण पाठवतात. पोरांना घरी न्यावं बाई, वेळेत, नाहीतर नंतर त्यांच्याऐवजी साबण येतो.

“तुमच्या दाराचा रंग निळा ना? पोरगी सांगत होती,” असं म्हणून ती आत गेली आणि एक चटई घेऊन आली. लहानशी, दाराशी टाकायची, कडेला विनीच्या नावाची अक्षरं विणलेली. दहा दिवस विणत होते, म्हणाली. म्हणजे दहा दिवसांपासून आपण जाणार आहोत, मेरननं हिशेब केला, आणि कळलं आज.

फोन मांडीवर होता. मिसेस पार्जिटरचं पत्र उघडं, खाली उत्तराची रिकामी जागा, त्यात एक बारीक रेघ लुकलुकत होती — कुणीतरी दाराशी उभं राहून परत परत घंटी वाजवावी तशी. संध्याकाळपर्यंत वेळ होता. डूगलला काय सांगायचं? की तुझी मासेमारी संपली, कारण एका मुलीनं कचऱ्याच्या गाडीचा वार लक्षात ठेवला? तो हसेल… किंवा हसणार नाही, आणि तेच बघावं लागेल. आणि खरं सांगायचं तर, तिथं तरी कोण वाट बघतंय? एक विधवा बाई आणि पेन्सिलीच्या रेघा. विनीची शेवटची रेघ आता तिच्या कपाळाला लागेल, नेडची त्याच्या भुवयांना. त्या रेघांना काही माहीत नाही. त्या तिथंच उभ्या आहेत, आपण निघालो तेवढ्याच उंचीवर.

तिनं चटई हातात घेतली. सवयीनं मनगट जरा खाली-वर केलं — चौदा महिन्यांत तिचा हातच काटा झाला होता, चप्पल असो की आंबा, वीस ग्रॅमचा फरक सांगायचा. तिनं थांबून पाहिलं. आकडा आला नाही. ती चटई नुसतीच हातात होती, गवताचा वास येत होता, आणि ती कुठल्या पिशवीत मावेल हा विचार यायचा तिथं एक दार आलं, खालच्या बाजूला रंग उडालेलं, पावसात फुगून जरा अडकणारं. गुरुवार हा एक खराखुरा वार आहे, असं तिला वाटलं. दर आठवड्याला येतो. आपल्या परवानगीशिवाय येतो.

“लुसेआने,” ती म्हणाली, “मला तुम्हाला एक सांगायचंय.”

“सांग की. पण आधी माझं ऐक.” लुसेआनेनं आजूबाजूला पाहिलं, रविवारी बोलू नये असं काही बोलायच्या आधी ती पाहायची तसं, आणि आवाज खाली आणला. “तो तुझा सकाळचा काटा जाताना इथंच ठेवून जाशील का? घरी तुला तो काय कामाचा? मला डुकराची पिल्लं तोलायला होईल.”