एक आत राहिलीया

"काका, उतरायला अडचण असेल तर मी उतरते," पूर्णिमा म्हणाली.

कृष्णात शिडीचा दांडा धरून उभा होता. मलकापूरच्या पुढं, डोंगरातल्या त्या वीजघरात तो सव्वीस वर्षं फिटर होता. पायाशी माणूस जेमतेम मावेल एवढं भोक उघडं होतं आणि त्याखाली बोगदा. टर्बाइनचं चाक फिरवून झालं की पाणी याच बोगद्यातून नदीत जातं. आज दुरुस्तीसाठी मशीन बंद होतं. नदीकडचं लोखंडी दार खाली सोडून पंपानं आतलं पाणी उपसणं चाललं होतं. दार सोडलं की आत आलेले मासे आतच अडकतात. एरवी ते कामगारांच्या कालवणात जायचे. यंदा वरून हुकूम आला होता, नदीतले मूळचे मासे आधी जिवंत काढायचे, मगच वेल्डिंग. त्यासाठी पूर्णिमा कोल्हापूरच्या कॉलेजातून आली होती.

"तुमी नगा. निसरडं हाय," म्हणत कृष्णातनं पाय खाली सोडला.

चार वर्षांपूर्वी याच बोगद्यात त्या दाराचं पाणी अडवणारं रबर सरकलं होतं. दिवा विझला होता आणि पाणी गळ्याशी आलं होतं. शिडी हाताला लागेपर्यंत किती वेळ गेला, हे त्याला कधीच सांगता आलं नाही. तेव्हापासून घरी तो न्हाणीचं दार उघडं ठेवून अंघोळ करायचा. तांब्या डोक्यावर ओतताना डोळे मिटायचा नाही. हे फक्त त्याच्या बायकोला, चिमणाबाईला ठाऊक होतं.

आत घोटाभर पाणी होतं. दाराच्या फटीतून झिरपणाऱ्या धारेचा आवाज सगळ्या बोगद्यात घुमत होता. त्या आवाजाकडं कान जाऊ नये म्हणून कृष्णात भराभर हात चालवत होता. दोन खेपांत बारीक मासे बादलीतून वर गेले. तिसऱ्यांदा बॅटरीचा उजेड कोपऱ्यातल्या खळग्यात पडला आणि पाण्याखाली काहीतरी जड हललं. मासळी होती, हातभर लांब, जाड खवल्यांची, पिवळट परांची.

तेवढ्यात पंप बंद पडला.

"अण्णा, पाला आडकला पंपात. वर ये," वरून मल्लाप्पाचा आवाज आला. हा पंपावरचा, गडहिंग्लजकडचा माणूस.

पाणी घोट्यावरून पोटरीला आलं. पोटरीएवढ्या पाण्यात माणूस बुडत नाही, हे कृष्णातला कळत होतं. पायांना कळत नव्हतं. तो शिडीला चिकटला. कसाबसा वर आला आणि फरशीवरच बसला. मे महिन्याच्या उकाड्यात त्याचे दात वाजत होते.

"झालं न्हवं मामा?" इंजिनीयर विजयसिंह म्हणाला. "वेल्डर सोडतो खाली. संध्याकाळच्या लोडला मशीन लागणार म्हणून शब्द दिलाय मी वर. शिरोलीच्या फौंड्र्यांना काय माशाचं कारण सांगू?"

"एक आत राहिलीया," कृष्णात म्हणाला.

"केवढी?" पूर्णिमानं विचारलं.

त्यानं हात पसरून दाखवलं.

"पोट?"

"भरल्यालं हाय."

"खडस असणार, इथल्या नदीतला मूळचा मासा," ती हळू म्हणाली. "पाच वर्षं मी या पट्ट्यात फिरतेय, एवढी मादी दिसली नाही. पावसाच्या तोंडाला अंडी घालेल ती, साहेब."

विजयसिंहनं घड्याळ बघितलं, मग उघड्या भोकाकडं. "पंप चालू झाला की अर्धा तास. पुढं एक मिनिट न्हाय."

पूर्णिमा हेल्मेट चढवू लागली. कृष्णातनं उठून ते तिच्या हातातून काढून घेतलं.

"मला भ्या वाटतंय," तो म्हणाला.

सगळे त्याच्याकडं बघायला लागले. वीजघरात असं कुणी बोलत नसे.

"लई वाटतंय. पर आत कुठं काय हाय ते मला ठावं हाय, तुमास्नी न्हाय." मग तो मल्लाप्पाकडं वळला. "मल्लाप्पा, तू नुसता बोलत ऱ्हा. काय बी बोल. आवाज थांबवू नगंस."

मल्लाप्पा मुळात घुमा. जरा घुटमळला. पंप सुरू झाला तसा भोकाच्या काठाशी उकिडवा बसून म्हणाला, "आमच्या म्हशीचं सांगू काय?"

"सांग की."

कृष्णात खाली गेला. ओलं गोणपाट पसरून खळग्याकडं सरकला. पहिल्या झडपेला मादी निसटली. दुसऱ्यांदा तिनं असा फटका दिला, की बॅटरी हातातून उडाली आणि विझली. अंधार झाला. दाराची धार एकदम मोठी वाटायला लागली. कृष्णातला श्वास आत घेता येईना.

"...तर अक्का म्हणाली, ही म्हस इकायची न्हाय," वरून आवाज येतच होता. "मी म्हटलं, दूध तर दीना. तर म्हणती, मग मला बी इक..."

तो ते ऐकत तसाच उभा राहिला. मग अंधारातच वाकला, चाचपडत दोन्ही हातांनी गोणपाट मादीवर टाकलं आणि तिला छातीशी घट्ट धरलं. आवाज येत होता त्या बाजूला एक एक पाऊल टाकत गेला. गोणपाटात धडधडतंय ते तिचं की आपलं, हे त्याला कळत नव्हतं.

शिडीनं वर येऊन, गोणपाट तसंच छातीशी धरून वीजघरामागच्या पायऱ्यांनी तो नदीत उतरला. वाहत्या धारेकडं तोंड करून तिला पाण्यात धरून राहिला. कल्ले उघडत नव्हते. मग एकदा उघडले. बऱ्याच वेळानं पुन्हा. वेल्डर खाली गेल्याचं कुणीतरी येऊन सांगून गेलं. शेवटी तिनं शेपटी जराशी वळवली आणि त्याच्या हातातून खोल पाण्यात सरकली.

"गेली," पूर्णिमा म्हणाली.

कृष्णात कमरेएवढ्या पाण्यात तसाच उभा होता. पंप दुसऱ्याच्या हवाली करून मल्लाप्पा मागोमाग आला होता आणि पायरीवर बसला होता. म्हशीचं कधीच संपलं होतं. आता तो मेव्हण्याच्या विहिरीचं सांगत होता. कृष्णातनं त्याला अजून थांब म्हटलं नव्हतं.