डोंग्याचं डांबर

हेमराजच्या लेकीचं, रंजीताचं लग्न झालं ते २०२३ साल. वऱ्हाडाच्या खेपा करून थकलेली त्याची जुनी व्हॅन त्याच पावसाळ्यात पुढच्या दोन्ही दारांत खालून कुजली. तलावातली मासोळी सिंदेवाहीच्या बाजारात नेणारी घरची एकच गाडी.

गाड्यांचे पत्रे ठोकणाऱ्या डेंटर अश्वजितने दाराला स्क्रू ड्रायव्हर टोचला. तो मुठीपर्यंत आत गेला.

"पत्र्याची पट्टी मारू का दार बदलू, सांग भाऊ."

"पट्टी टिकंल?"

"एक पावसाळा. पण रोग वेगळाच हाये. दाराले खाली भोकं असतात, काचेतून उतरलेलं पाणी जायाले. ती कोनंतरी डांबरानं बुजवली. पाणी आतच सडलं. कोन हा शहाणा?"

शहाणा म्हणजे हेमराजचा बाप, दादाजी. गाडी घरी आली त्याच दिवशी, नाल्याचं पाणी आत शिरेल म्हणून, त्यांनी डोंग्याच्या, म्हणजे मासे धरायच्या होडीच्या, फटी भरतात तसं गरम डांबर भरलं होतं. गाडी माझ्यामुळं कोरडी राह्यली, असं अजूनही गावभर सांगत. दार बदललं तर बाप विचारणार, काऊन? मग काय सांगायचं? आठ दिवस हेमराज सकाळी बदलायचं ठरवी आणि संध्याकाळी पट्टीवर येई.

"तुमच्यापेक्षा ढेकूळ बरं," बायको वच्छला म्हणाली. "पाण्यात पडलं का एकदाच विरघळते."

शेवटी नागपूरहून भंगारातली दारं आणून बसवली. दादाजींनी खालून बोट फिरवलं. भोकं सापडली.

"वच्छला, डांबर तापव."

दादाजी काठी बाजूला ठेवून बसले आणि त्यांनी एकेक भोक मन लावून बुजवलं. ते जेवायला उठले तसं हेमराजने खिळा घेतला आणि सगळी पुन्हा मोकळी केली. आपण बरोबर केलं की बापाचा अपमान केला, त्याला उमगेना.

दुसऱ्या दिवशी पाऊस झाला. दारांखालून थेंब टपकत होते. दादाजी ओट्यावरून बराच वेळ पाहत राहिले.

"गळून राह्यली."

"हो बाबा."

"गळू दे. डोंगा थोडाच हाये तो."

डांबरानंच दारं कुजली हे त्यांना कधीपासून कळलं होतं, ते हेमराजने विचारलं नाही. दादाजी २०२४ च्या जानेवारीत, संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशी गेले.