बांधातली वाट

रोज मरे त्याला कोण रडे, तसं या ज्वालामुखीचं झालं होतं. तीन वर्षांतला हा सहावा उद्रेक. पहिल्या वेळी अर्धं रेक्याविक शहर टेकडीवर चढून तो बघत होतं. आता लोक हालवेगला एवढंच विचारत, रस्ता चालू आहे ना? हालवेग लाव्ह्याचे नकाशे करायची आणि तिचा जीव मेटाकुटीला आला होता. आज सलग नवव्या दिवशी ती त्या खटारा विमानात बसली होती.

शेत नांगरावं तसं विमान लाव्ह्यावरून जायचं, वळायचं, पुन्हा यायचं. पोटातला कॅमेरा फोटो काढत राहायचा. फोटोंवरून निघालेल्या आजच्या उंचीतून कालची वजा केली की लाव्हा किती वाढला ते कळे.

"झोपलीस का गं?" वैमानिक थॉरगिल्सने विचारलं.

"डोळे उघडे आहेत."

"ते माशाचेही असतात. धूर खाली येतोय, ही शेवटची फेरी."

खाली गावाभोवतीचा दगडमातीचा बांध दिसत होता. रस्त्यापुरती एक वाट त्यात उघडी होती. वाटेसमोरचा लाव्हा दिवसात मीटरभर वाढला की ती वाट बुजवायची, असं ठरलेलं. वाट बुजली की गाव वाचणार आणि लाव्हा पूर्वेला वळून हिरव्या छपराच्या घरावर जाणार. ते घर हालवेगच्या बाबाचं, ओगमुंदुरचं. मेंढ्या केव्हाच हलवल्या होत्या. घराला चाकं नसतात. बांधावर बुलडोझर चालवत होता तोही ओगमुंदुरच.

धावपट्टीशेजारच्या खोलीत कॉम्प्युटरने हिशोब केला. एक मीटर चाळीस.

हालवेगने लिहिलं: 'धुरामुळे आकडा खात्रीचा नाही, उद्या पुन्हा पाहू.' कोणी तिला बोल लावला नसता. पाच वेळा लाव्हा वाटेआधीच थांबला होता, सहाव्यांदाही थांबला असता कदाचित. तेवढ्यात फोन वाजला.

"आकडा आला का?" बाबाने विचारलं. मागे यंत्र घरघरत होतं.

"फोटो धुरकट आलेत, बाबा."

"सगळे?"

"डोंगराकडचे चार."

"आणि वाटेवरचे?"

तिने ते फोटो पुन्हा उघडले. मग म्हणाली, "ते स्वच्छ आहेत. एक चाळीस."

"हं."

"बाबा, यंत्रावर आज दुसऱ्या कोणाला बसू दे ना."

"दुसऱ्याने बुजवली आणि गळली, तर माझं घर फुकट गेलं की. पाठव आकडा."

तिने ओळ खोडली आणि आकडा पाठवला. रडू आलं नाही. रडायलाही अंगात त्राण लागतं.

वाट बुजली, गळली नाही. दुसऱ्या दिवशीच्या फेरीत हिरवं छप्पर कुठेच दिसलं नाही. दुपारी बाबा धावपट्टीशेजारच्या खोलीत आला. लोणी लावलेला सुका मासा चावत तो पडद्यावरच्या नव्या नकाशाकडे बघू लागला; थर जितका जाड, तितका रंग लाल.

"एवढ्या लालात हा फिकट चौकोन कसला?"

तिला सांगवेना, पण सांगितलं. "आपलं घर. कालच्या उंचीत छप्पर मोजलं गेलंय ना, म्हणून तिथे लाव्ह्याचा थर कमी दिसतोय. चूक आहे. काढायची आहे."

ओगमुंदुर चष्मा लावून बराच वेळ त्या चौकोनाकडे बघत राहिला. पुढची पडवी त्याने स्वतः बांधली होती, तिचा कोपराही नकाशात नीट उमटला होता.

"काढ," तो म्हणाला. "उद्या याच नकाशावर लोक विसंबतील."

हालवेगने बटणावर बोट ठेवलं, पण ते दाबलं जाईना. काल न आलेलं रडू आता आवरेना.

"सरक पोरी," बाबा म्हणाला. "कुठलं दाबायचं, ते दाखव."