शेकराच्या पिल्लाचं पारायण

मी एक जुनी कादंबरी आहे आणि माझा शेवट भिमाजीच्या शेळीने खाल्ला. मित्रांनो, हे झालंच नाही असं समजा. मीही तसंच समजून दिवस काढते.

माझा जन्म पुण्यातल्या एका छापखान्यात झाला. माझी गोष्ट मुलांसाठी आहे. शेकराचं पिल्लू वादळात घरट्यातून पडतं आणि जंगलभर आईला शोधतं. बाकी पानंच्या पानं नुसता जांभळीवरचा उजेड आणि शेवाळाचा वास. १९३४ साली एक प्रवासी मला लोणावळ्याच्या स्टेशनात बाकावर विसरला. रेल्वेत गँगमन असलेल्या नसीरने मला टाकवे बुद्रुकला घरी आणलं.

आळीत वाचता येणारा तो एकटा. आणि मोठ्याने वाचायची ती पोथी, हे आळीला पक्कं ठाऊक. मला पाटावर बसवलं, हळदकुंकू वाहिलं, गुळाचा नैवेद्य दाखवला.

"मावशी, ही पोरांची गोष्ट हाय," नसीर म्हणाला.

"आसंल. देवबी आदी पोरच व्हता," शेजारच्या झुंबरबाई म्हणाल्या. "वाच तू."

रोज संध्याकाळी एक अध्याय. पिल्लू ओढ्यात पडलं, तेव्हा झुंबरबाईंनी ते आईला भेटेपर्यंत चहा सोडला. डोकं त्यांचं दुखायचं, त्रास घराला व्हायचा.

शेवटचा अध्याय उरला. गुळाच्या हातांनी माझी पानं गोड झाली होती. दुपारी आळीतल्या भिमाजीची शेळी आत आली आणि बाहेर गेली, एवढंच. संध्याकाळी नसीरने पान उलटलं.

"पुडं काय?"

"पुडं पुट्टा."

"आई भेटली का न्हाई?"

"भेटली आसंल, मावशी. चा घ्या."

"आसंलवर उपास सुटत न्हाई, बाबा."

"शेळीला इचारा," भिमाजी म्हणाला. दोघांनी खरंच शेळीकडे पाहिलं.

आई रानातच सापडेल म्हणून सकाळी सगळे मला घेऊन देवराईत गेले. जन्मभर त्याच वाटेने गेलेली माणसं, पण मान वर केली ती आता. जांभळीवर उजेड होता, खाली शेवाळाचा वास.

"आरं, हे हितंच व्हतं व्हय?" भिमाजी हळूच म्हणाला.

उंच फांदीवर काटक्यांचं घरटं. त्यातून एक पिल्लू खाली बघत होतं. आई नव्हती.

झुंबरबाई बुंध्याशी बसल्या. "यिऊ दे. आपल्याला कुटं जायचंय."

आता रोज सगळे तिथे बसतात. जेवायला जाताना मला तिथेच पाटावर ठेवून जातात. ते वळले की आई येते, पिल्लाला चाटते, आणि पावलं वाजली की पसार. माझा शेवट मी रोज बघते. सांगू कशी? ती पानं माझ्याजवळ नाहीत.

मित्रांनो, पुस्तकं जपा. नैवेद्य लांबून दाखवा.

तरी मेहेरबान जंगल खात्यास अर्ज की, सदर आईने आपली भेट माणसांच्या हजेरीत व चहाच्या वेळेपूर्वी उरकावी, असा हुकूम तिजवर समक्ष बजावण्यात यावा.